अकरा सेकंदांनी बदललेलं उत्तर

कुरेसाका,
सोमवार, १६ फेब्रुवारी

प्रिय तोमिए आत्या,

आधी माझी एक चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की आगीची वर्दी आली की आपल्या तोचिहारा वाडीतल्या स्वयंसेवकांचं तिसरं पथक सगळ्यांच्या आधी निघतं, आणि पथकप्रमुख होसाका मासानोरीसान चार मिनिटांत स्वतः पंपघराचं शटर उघडतात, हे मी पाहिलं. मी ते पाहिलेलं नाही. नगरपालिकेतल्या माझ्या टेबलावर बसून मी पडद्यावर त्यांचं नाव पाहिलं आणि शटरच्या यंत्राने नोंदवलेली वेळ पाहिली. दोन्ही शेजारी शेजारी होती, म्हणून माणूस तिथे मीच उभा केला. तू मला घरी शिकवायचीस तेव्हा वहीत दोन रकाने आखून द्यायचीस, 'पाहिलं' आणि 'वाटलं'. ते वाक्य दुसऱ्या रकान्यातलं होतं.

हे का खटकलं ते सांगते. तुझ्या वेळी भोंगा वाजायचा आणि ज्याला ऐकू जाईल तो धावायचा. आता संगणक पथकातल्या प्रत्येकाच्या फोनवर वर्दी पाठवतो. फोनवर दोन बटणं येतात, 'येतो' आणि 'येता येत नाही'. उत्तर देणाऱ्याचं नाव पंपघरातल्या पडद्यावर आणि माझ्याकडे उमटतं. एकाच नावाने दोनदा उत्तर आलं तर यंत्र शेवटचं खरं धरतं. तक्ता करताना मी आजवर फक्त शेवटची उत्तरं घेत होते. गेल्या आठवड्यात, निव्वळ कुतूहल म्हणून, पुसली गेलेली उत्तरं उघडून बघितली.

मासानोरीसान आधी 'येता येत नाही' दाबतात. मग अकरा सेकंदांनी 'येतो'. पुढच्या वर्दीला नऊ सेकंदांनी. आगी, दरडी, डोंगरात वाट चुकलेली म्हातारी माणसं सगळं धरून वर्षात चौदा वर्द्या आल्या, त्यांत दहा वेळा असंच. गंमत म्हणजे त्यांचं मन फक्त सोमवार ते शुक्रवार, तेही दिवसाच बदलतं. शनिवार-रविवारी ते पहिल्याच फटक्यात 'येतो' म्हणतात. पथकातल्या आणखी तिघांचंही हेच.

मला हे कळायला हवं, कारण सत्तावीस मार्चला समिती बसणार आहे. कामाच्या दिवशी दहा मिनिटांत पथकातली निदान तीन माणसं जिथे जमत नाहीत ते पंपघर बंद करायचं आणि तिथला बंब खाली दरीतल्या दुसऱ्या पथकाला द्यायचा, असं ठरतंय. तक्त्यावर सही माझी असते. या तक्त्यात तोचिहारा पहिलं आहे. आमचे मोरिवाकीसाहेब खूश आहेत. म्हणतात, "बघ डोंगरातली माणसं. खालच्या आळशांना हा कागद दाखवून लाजवतो."

तू त्या चौघांना लहानपणापासून ओळखतेस. तुला काय वाटतं?

कानाए

*

नुमाझु,
२० फेब्रुवारी

कानाए,

पत्राच्या सुरुवातीला चार ओळी हवापाण्याच्या लिहाव्यात, हेही मी शिकवलं होतं. तू थेट चुकीलाच हात घातलास. असो. इथे उमेच्या झाडांची फुलं गळायला लागली. गुडघा बरा आहे, पण लेक मला जिना चढू देत नाही. समुद्र खिडकीतून दिसतो तेवढाच.

मासानोरीचं म्हणशील तर तो जन्मापासून चंचल. लहानपणी दुकानात सफरचंद घेऊ की संत्रं घेऊ करत अर्धा तास उभा राहायचा आणि शेवटी रडत रिकाम्या हाताने बाहेर यायचा. बाकीचे तिघे त्याचेच मित्र. एकाने मान हलवली की चौघांच्या हलतात. यात शोधण्यासारखं काही नाही.

तू जेवतेस ना वेळेवर? काळजी करायला लागलीस की तुझं पोट आधी बिघडतं.

एक विचारायचं राहिलं. ती पुसलेली उत्तरं तुझ्याशिवाय आणखी कुणाला दिसतात?

तोमिए

*

कुरेसाका,
शनिवार, २८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

इथे दक्षिणेकडच्या उतारांवरचा बर्फ गेला, उत्तरेकडचा तसाच आहे. झालं हवापाणी.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: साहेबांनाही दिसू शकतात, पण माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. हे तू का विचारलंस याचा मी तीन दिवस विचार करते आहे. आणि मासानोरीसान चंचल असते तर शनिवारीही चंचल असते.

गुरुवारी शटरच्या यंत्राची बॅटरी बदलायला तोचिहाराला गेले होते. काय पाहिलं ते आधी लिहिते. भिंतीशी बुटांचे अकरा जोड ओळीत. बंबाच्या मागे, ताडपत्रीखाली, आणखी चार जोड. हे चार लहान मापाचे, आणि त्यांच्यावरचा चिखल ओला. पंप सुरू करायच्या मुठीवर पांढरे वाळलेले कण. शटरच्या कडीवरही तसेच. नखाने खरवडून पाहिले, सोयाबीनचा चोथा होता. रस्त्यापलीकडे मासानोरीसानांच्या बायकोची, रित्सुकोकाकूंची, टोफू करायची खोली आहे हे तुला सांगायला नको.

त्या हात पुसत बाहेर आल्या.

"अगं, सुगिनोंची कानाए ना तू? शाळेच्या बसमध्ये रोज उलटी करायचीस ती? आता सरकारी गाडी चालवत आलीस. पोट बरं आहे ना?"

"बरं आहे. काकू, हे लहान बूट कुणाचे?"

"पोरांचे असतील."

"तोचिहारात पोरं किती आहेत?"

"एक." त्या जराही अडखळल्या नाहीत. "आठ महिन्यांचा आहे. पाय मोठे आहेत हं त्याचे."

"मासानोरीसान दिवसा कुठे असतात?"

"कारखान्यात, धरणाच्या खाली. चाळीस मिनिटांची वाट."

"आणि वर्दी आली की चार मिनिटांत पोचतात."

"गाडी जोरात हाणतो. कितीदा सांगितलं, ऐकतो का?"

मग त्यांनी एक मोठा टोफू डब्यात घालून माझ्या हातात दिला. "साहेबाला दे. तोंड भरलेलं असलं की माणूस कमी विचारतो." मी नको म्हटलं तर डबा गाडीच्या टपावर ठेवून आत गेल्या. मी तो ऑफिसात आणून भेटवस्तूंच्या वहीत नोंदवला. मोरिवाकीसाहेब म्हणाले, "सुगिनो, टोफू आहे, लाच नाही," आणि अर्धा तिथेच आल्याचा कीस घालून संपवला.

आता दुसरा रकाना. एका क्रमांकाने दोन फोनांवर ती सोय उघडता येते, हे मी तपासलं. मला वाटतं, मासानोरीसान कारखान्यातून खरं उत्तर देतात. अकरा सेकंदांनी घरातला दुसरा फोन खोटं उत्तर देतो, आणि मग ते खोटं खरं करायला कुणीतरी धावत सुटतं.

कानाए

*

नुमाझु,
३ मार्च

कानाए,

दुसऱ्या रकान्यात लिहिलंस ते खोडून टाक. पहिल्यातलंही. डोळे मिटायला मी तुला कधी शिकवलं नाही, म्हणून हे कार्ड लिहायला मला दोन दिवस लागले. त्या चौघींना त्रास होईल असं काही करू नकोस.

तोमिए

*

कुरेसाका,
गुरुवार, १२ मार्च

प्रिय आत्या,

मी 'चौघी' असं कुठेच लिहिलं नव्हतं.

तुझं कार्ड आल्यावर चार दिवस मी खरंच काही केलं नाही. सोमवारी, नऊ तारखेला, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी तोचिहाराची वर्दी आली. किहेईआजोबांनी बांधावरचं वाळलेलं गवत पेटवलं होतं, वारा फिरला आणि त्यांच्या लाकडाच्या शेडने पेट घेतला. पडद्यावर चार नावं 'येता येत नाही' म्हणाली आणि दहा-बारा सेकंदांत चारही 'येतो' झाली. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. माझ्या डोळ्यांसमोर ती नावं नव्हतीच, बंबामागचे बूट होते.

तीन मिनिटं पन्नास सेकंदांत शटर उघडलं. अग्निशमनाचं मोठं केंद्र खाली दरीत आहे, त्यांचा बंब चोवीस मिनिटांनी पोचला. तोवर आग विझली होती. शेजारच्या घराची वळचण नुसती काळी पडली. आजोबांना काही झालं नाही. त्यांनी केंद्राच्या लोकांना सांगितलं, "तिसऱ्या पथकाने विझवली," आणि पुढे काही विचारलं की त्यांना ऐकू येईनासं झालं.

प्रत्येक आगीनंतर पथकप्रमुखाचा जबाब घ्यावा लागतो. मी त्याच दुपारी तीन वाजता मासानोरीसानांना फोन केला.

"हो, हो, मीच होतो पुढे," ते म्हणाले.

"पाइप कुणी धरला होता?"

"मीच."

"पाणी कुठून घेतलंत?"

"पाणी... नेहमीच्या ठिकाणाहून."

त्यांच्या मागे कारखान्यातल्या तीनच्या कवायतीचं संगीत वाजत होतं. एक, दोन, हात वर. मला इतकी लाज वाटली की मीच फोन ठेवला. त्यांची लाज होती की माझी, कळलं नाही.

काल समजलं, रित्सुकोकाकूंचं उजवं मनगट मोडलंय. पाइपाला पाण्याचा जोर आला तेव्हा पितळी तोंड उसळून हातावर बसलं असणार. दवाखान्यात त्यांनी सांगितलं, टोफूच्या ओल्या फरशीवर घसरले. पथकातल्या माणसाला काही झालं तर त्याच्यामागे नगरपालिका उभी राहते. काकू पथकात नाहीत, त्यांच्यामागे कुणी नाही. उद्या एखादीचा जीव गेला तर माझ्या तक्त्याप्रमाणे ती तिथे नव्हतीच. तक्त्यात मासानोरीसान होते, आणि ते कवायत करत होते.

आत्या, पावसाळ्यात आपलं छप्पर गळायचं तेव्हा तू मला पंपघरातल्या मोठ्या टेबलावर शिकवायचीस. भिंतीवर चौकटीत मानपत्र होतं, शाळेची आग विझवल्याबद्दलचं, अकरा जणांच्या नावांचं. तितकं सुंदर अक्षर मी कुठेच पाहिलं नव्हतं. मी त्याची नक्कल काढायला बसले की तू कागद ओढून घ्यायचीस. म्हणायचीस, "अक्षर चांगलं आहे. पण हे उतरवू नकोस." का, ते कधी सांगितलं नाहीस. आता सांगशील का?

कानाए

*

नुमाझु,
१६ मार्च

कानाए,

सांगते. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. मी तेवीस वर्षांची होते. सगळे पुरुष वरच्या जंगलात सीडार तोडायला गेले होते, आठवड्याने परतणार होते. दुपारी शाळेच्या स्वयंपाकघरातून धूर निघाला. भोंगा मीच वाजवला, आणि वाजवताना लक्षात आलं की तो ऐकून येणारं कुणीच नाही. आम्ही नऊ जणी होतो. आगीचा हातपंप गाड्यावर चढवून ओढत नेला. कसा चालवायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सरावाच्या दिवशी पुरुषांना भाताचे गोळे नेऊन द्यायचो आणि बघत उभ्या राहायचो. शाळेचा अर्धा भाग वाचला, मुलं सगळी वाचली. त्यांत तुझा बाप होता.

युकिए नावाची माझी मैत्रीण होती. तिच्या खांद्यावर जळकी फळी पडली. डावा हात पुन्हा कधी डोक्यापर्यंत गेला नाही. तिने सगळ्यांना सांगितलं, न्हाणीच्या चुलीवर पडले. का, तर पुरुष नव्हते हे खाली कळलं तर पथकाचं नाव जाईल, आणि नाव गेलं की पंप जाईल. आम्ही नऊ जणींनी तसं ठरवलं. कुणी जबरदस्ती केली नाही, हेही लिहून ठेव.

खालून मानपत्र द्यायचं ठरलं. कागद कोरा आला, नावं इथेच घालून घ्या म्हणाले. वाडीत सगळ्यांत चांगलं अक्षर माझं. पथकप्रमुख शाई आणि ब्रश घेऊन माझ्याकडे आले, आणि त्या अकरा जणांची नावं मी लिहिली. एकाही नावात खाडाखोड झाली नाही. तुला दिसलं ते सुंदर अक्षर माझं आहे.

दोन रकाने मी तुला उगाच शिकवले नाहीत. ज्या टेबलावर ते लिहिलं, त्याच टेबलावर शिकवले. तू माझ्याकडे शिकायला आल्यावर मला वाटलं, निदान एक तरी माणूस असा घडवू ज्याला हे जमणार नाही. तो घडला, आणि आता मला त्याचीच धास्ती वाटते.

तू खरं लिहिणार. मग पंपघर बंद होणार. चोवीस मिनिटं, कानाए. लाकडी घर चोवीस मिनिटं वाट बघत नाही. रित्सुकोचं मनगट तुला दिसतं, पण वाडीत अजून तीस घरं आहेत आणि त्यांत राहणारी बहुतेक माझ्या वयाची आहेत. मी चुकले असेन. तरी पंप तिथे आहे.

तोमिए

*

कुरेसाका,
सोमवार, २३ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू चुकलीस असं मला म्हणता येत नाही, आणि बरोबर होतीस असंही नाही. बाबा त्या शाळेत होते हे मला माहीत नव्हतं.

एक मात्र तुझ्या ध्यानात आलं नसेल. तुझ्या वेळी त्या नऊ जणींना दुसरी वाट नव्हती. आज नियमात आहे, वाडीत राहणारी अठरा वर्षांवरची कुणीही बाई पथकात येऊ शकते. फक्त पथकप्रमुखाची शिफारस लागते, शिक्का मारून. कुरेसाकात पथकातल्या बायका आहेतही, पण त्यांचं वेगळं पथक आहे. ते जानेवारीच्या संचलनात चालतं आणि शाळांत प्रथमोपचार शिकवतं. पंपावर त्यांना कुणी कधी नेमलं नाही. नेमू नये असंही कुठे लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचून पाहिलं.

काल, रविवारी, मी चार कोरे अर्ज घेऊन तोचिहाराला गेले. पंपघरातल्या त्याच टेबलाभोवती चारही जोडपी बसली होती. मी पुसलेल्या उत्तरांची यादी मधे ठेवली.

मग मासानोरीसान म्हणाले, "म्हणजे वर्षभर मी आलो नाही, असं फलकावर लागणार सगळ्या गावात."

"वर्षभर तू खरं बोललास असं लागेल," रित्सुकोकाकू म्हणाल्या. हात गळ्यात अडकवलेला होता. "दर वेळी 'येता येत नाही' म्हणालास की. खोटं मी बोलले."

"हसतील लोक."

"हसू देत. हसणाऱ्याच्या घराला आग लागली की मी पंधरा मिनिटं उशिरा निघेन."

आसायोकाकू या चौघींत वयाने मोठ्या. त्यांची शंका वेगळीच होती. "संचलनात ती पांढरी टोपी घालावी लागते का? मला टोप्या शोभत नाहीत."

मी म्हटलं, पंपावर हेल्मेट असतं.

"मग चालेल."

मी त्यांच्यापासून काहीच लपवलं नाही. सांगितलं, की झालेलं वर्ष बदलता येणार नाही. दुरुस्त तक्त्यात कामाच्या दिवसांसाठी तोचिहारासमोर शून्य येईल, आणि समिती नुसतं शून्य बघून पंपघर बंद करू शकते. तसं झालं तर ते माझ्या तक्त्यामुळे झालेलं असेल. पण त्याच कागदावर शटर उघडल्याच्या, परवाची धरून, अकराही वेळा असतील, आणि ते ज्यांनी उघडलं त्यांची नावं, त्यांनी हो म्हटलं तरच. आणि सोबत अर्ज. आसायोकाकूंनी विचारलं, "समितीने नाही म्हटलं तर?" मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "बरं झालं, माहीत आहे म्हणाली असतीस तर सही केली नसती."

तिघींनी सह्या केल्या. चौथीने केली नाही. सासूला आधी सांगायला हवं म्हणाली, आणि तिचं नाव मी लिहू नये. तक्त्यात तिच्या ओळीत मी 'एक व्यक्ती, नाव देण्यास तयार नाही' असं लिहिलंय. इथेही तिचं नाव घालत नाही.

राहिला शिक्का. मासानोरीसानांनी तिन्ही अर्ज वाचले, परत वाचले, उलटून मागे काही आहे का पाहिलं. मला तुझं सफरचंद आणि संत्रं आठवलं. शेवटी म्हणाले, "शिक्का घरी राहिला."

रित्सुकोकाकूंनी डाव्या हाताने अ‍ॅप्रनच्या खिशातून शिक्का काढला आणि टेबलावर ठेवला. "घरी नाही. मीच आणलाय. तुझी प्रत्येक वस्तू मीच वेळेवर पोचवते."

सगळे हसले, ते स्वतःही. मग त्यांनी तिन्ही शिक्के अगदी सरळ मारले, आणि म्हणाले, "दवाखान्यात काय सांगितलंस तेही दुरुस्त करून येऊ उद्या. मी सुट्टी काढतो."

आज सकाळी मी मोरिवाकीसाहेबांना सगळं सांगितलं. अकरा महिने माझ्या सहीने चुकीचे तक्ते गेले, हेही.

"सुगिनो, हे तुला शुक्रवारनंतर कळलं असतं तर?"

"मला फेब्रुवारीतच कळलं होतं, साहेब."

"म्हणजे तो टोफू लाचच होता म्हणायचा," ते म्हणाले, आणि वहीतली ती नोंद काढून बघितली. मग म्हणाले, तक्ता मी वाचणार नाही, तूच वाच. ही शिक्षा आहे की मोकळीक, मी विचारलं नाही.

पंपघरातलं मानपत्र आम्ही उतरवलेलं नाही. त्याच्याखाली भिंतीवर जागा आहे. नऊ जणींची नावं तू लिहून पाठव, युकिएसानांचं आणि तुझंही. मासानोरीसान चौकट करून देणार आहेत. मी त्याची नक्कल काढणार नाही, ते तुझ्याच अक्षरात हवं. घाई नाही.

माझा तक्ता हाताने लिहून झालाय. रकाने दोनच आहेत, आणि दुसरा रिकामा ठेवलाय. मोठ्याने वाचायचा सरावही केला. बसमध्ये माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. म्हणून सभागृहापर्यंत चालत जाईन. वाचायला उभी राहीन शुक्रवारी, २७ मार्चला, सकाळी साडेनऊ वाजता.

कानाए